लेकीकडे हसणारं, जावयावर डोळे वटारणारं चित्र

वाघोलगडच्या शूरभानू महाराजांना लेकीच्या लग्नात आहेर म्हणून स्वतःचं चित्र द्यायचं होतं. अट एवढीच, की चित्रातल्या महाराजांनी लेकीकडे बघून हसायचं आणि जावयाकडे बघून डोळे वटारायचे. एकाच वेळी आणि एकाच तोंडाने!

चंद्रावळ ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं सासर डोंगरापलीकडे. तिथे तिला माहेराची आठवण आली तर बाप हसताना दिसावा, आणि जावई तिच्याशी वाकडा वागू लागला तर त्याला भिंतीवर सासरा दिसावा, असं महाराजांचं म्हणणं. प्रधानजींनी हे जरा कठीण आहे असं सुचवून पाहिलं. महाराज म्हणाले, की कठीण आहे म्हणूनच चितारी बोलावलेत. सोपं असतं तर प्रधानांनाच सांगितलं असतं.

दरबारातल्या थोरल्या चिताऱ्याने अर्धा चेहरा हसरा आणि अर्धा रागीट काढला. ते पाहून राणीसाहेबांनी वैद्यांना बोलावणं धाडलं. त्यांना वाटलं, महाराजांची दाढ ठणकते आहे. दुसऱ्याने दोन तोंडं काढली. यातल्या कोणत्या तोंडाने जेवायचं, असं महाराजांनी विचारलं. चित्र फसलं की चिताऱ्याने राजवाड्यातल्या म्हशींना चुना फासायचा, अशी शिक्षा होती. हळद लागेपर्यंत निम्मा गोठा पांढराफटक झाला. गवळ्यांना आपली म्हैस ओळखू येईना आणि म्हशी एकमेकींना पाहून बुजू लागल्या.

शेवटी राघोजी चिताऱ्याला बोलावणं आलं. राघोजी लग्नघरांच्या भिंतींवर मोर आणि केळीचे खांब रंगवायचा. माणूस त्याने जन्मात काढला नव्हता. त्यात म्हशींची त्याला भारी भीती. निरोप ऐकून त्याने जे अंथरूण धरलं ते सोडेचना. मग त्याची मुलगी भिवरा रंगांची मडकी घेऊन राजवाड्यावर गेली.

तिने महाराजांना फक्त एक गोष्ट विचारली, जावयावर कधी हात उगारलाय का? महाराज जरा ओशाळले. साखरपुड्यात जावई आपल्या मिशा बघून फिसकन हसला तेव्हा उगारला होता, पण राणीसाहेबांनी मनगट धरलं, असं त्यांनी सांगितलं. भिवराने मान डोलावली आणि पडदा ओढून कामाला बसली.

पाठवणीच्या सकाळी भर मांडवात चित्र उघडलं. कडेने सोनेरी वेलबुट्टी, कोपऱ्यांत मोर आणि मधोमध महाराज. मिशा इतक्या भरघोस, की खालचे ओठ हसताहेत की आवळलेत, कुणाला कळेना. उजवा हात मात्र उंच उचललेला, पंजा उघडा.

चंद्रावळ पुढे आली. चित्राकडे बघताच तिचे डोळे भरून आले. "आबासाहेब हसताहेत," असं म्हणत तिने त्या हाताखाली डोकं वाकवलं. तिच्या पाठोपाठ नवरदेव युवराज अमरकेतू आला. त्याची नजर चित्रावर गेली, हात आपसूक गालावर गेला आणि तो सावकाश मागे सरून आपल्या आईच्या आड उभा राहिला.

वऱ्हाडी खुसखुसले. महाराज मात्र हट्टाला पेटले. चित्रापुढे उभे राहून त्यांनी स्वतःचा हात तसाच उचलून पाहिला, आधी लेकीकडे वळून, मग जावयाकडे वळून. समाधान होईना.

"पोरी, काय ते एक सांग," ते म्हणाले. "हा हात आशीर्वादाचा की थपडेचा?"

भिवराने चित्रातल्या हाताकडे बोट केलं.

"महाराज, मी हात नुसता वर नेऊन ठेवलाय," भिवरा म्हणाली. "तो खाली कसा यायचा, ते जावईबापूंच्या वागण्यावर आहे!"

महाराज आधी मिशांतल्या मिशांत हसले, मग पोट धरून हसले, आणि शेवटी जावयाच्याच खांद्यावर डोकं टेकून हसत राहिले. बिचारा युवराज ताठ उभा होता, पण हळूहळू तोही हसू लागला. महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं आणि आजपासून ही दरबारची चितारीण, असं तिथल्या तिथे जाहीर केलं.

हसणं ओसरल्यावर राणीसाहेबांनी भिवराला जवळ बोलावलं.

"असंच एक माझंही काढ," त्या म्हणाल्या. "यांच्या दालनात लावायचंय."