रेवतीचा गाठींचा दोरा

पिवळ्याधमक बांबूंच्या बनाकाठी, एका झोपडीत रेवती नावाची बुरुडाची पोर राहायची. आईबाप देवाघरी गेलेले. उरला होता धाकटा भानू, आणि त्याचं डावं पाऊल आत वळलेलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून रेवती त्या पायावर सदा गोधडी घालायची. स्वतःही तिकडे बघायची नाही. वेडी माया, दुसरं काय!

एका सकाळी कोवळ्या कोंबावर निळ्या पंखांची इवलीशी परी येऊन बसली.

"तू पाखरांना आपल्या घासातला घास देतेस," ती हळूच म्हणाली. "तुला दोन इच्छा देते. पण तू सांगशील त्याच मापाची वस्तू मी घडवेन. तसूभर कमी नाही, जास्त नाही."

रेवतीने लगेच भानूच्या पायाला आधार मागितला. माप? डोळ्यांनी अंदाज घेऊन टोपल्या विणणारी पोर ती, तिला दोरा कशाला हवा! तिने हातानेच लांबीरुंदी दाखवली. चमचमता चांदीचा आधार झाला, त्याला इवल्या इवल्या घंट्या. दुसरी इच्छा तिने राखून ठेवली. आईला एकदा डोळे भरून बघायचं होतं ना!

भानू आधार घालून चार दिवस हसत राहिला. पाचव्या दिवशी चांदीवर रक्त दिसलं. टाचेला खोल जखम झाली होती.

"बोलला का नाहीस रे?"

"तू विचारलंच नाहीस, ताई. आणि केवढ्या हौसेने आणलास तू."

रेवती ढसाढसा रडली. जखम भरेपर्यंत तिने त्याला जपलं. मग तो पाय पहिल्यांदाच मांडीवर घेतला. पाऊल किती वळतं, कुठे दुखतं, सारं विचारलं. ओल्या पावलांनी चालवून अंगणातले ठसे पाहिले. उभं करून, बसवून दोऱ्याने मापं घेतली, प्रत्येक मापाला गाठ मारली. कुठे जायचंय, हेही विचारलं. तिला वाटलं होतं, त्याला पळायचं असेल. त्याला नुसत्या नदीच्या पायऱ्या उतरायच्या होत्या.

परी पुन्हा कोंबावर आली, तेव्हा दुसऱ्या इच्छेत नवा आधार मागून तो दोरा तिने तिच्या हाती दिला.

"मग आई?" परीने विचारलं.

रेवतीने मान खाली घातली. आधीच नीट बघितलं असतं, तर दोन्ही मिळालं असतं.

बांबूचा हलका, घोट्याशी वाकणारा आधार झाला. परीने दोरा परत देताना सांगितलं, की यापुढे या दोऱ्याने घेतलेलं माप कधी चुकणार नाही. मग लख्ख सोनेरी उजेड पसरला आणि परी त्यात विरून गेली.

भानू पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहिला. पुढे लांबलांबची मुलं रेवतीकडे आली, तिच्या हातचे आधार घालून चालत घरी गेली. भानूच्या टाचेवरचा वण मात्र गेला नाही.

"दुखतं का रे अजून?" रेवती रोज विचारते.

"नाही, ताई," तो रोज सांगतो. तरी ती पाय मांडीवर घेऊन बघतेच.