एका दाराची आळी

राजा धैर्यसेनाला खजिना भरायची घाई झाली होती. त्यानं दवंडी पिटवली, घराला जितकी दारं तितके रुपये पट्टी. वर्षभरानं वसुली बघायला तो स्वतः कुंभारआळीत आला, तर वीस घरांची सलग रांग आणि दार एकच. बाकीची दारं लोकांनी विटा लावून बुजवली होती आणि मधल्या भिंती फोडून आतूनच वाटा काढल्या होत्या.

राजाचा पारा चढला. "ही अक्कल कुणाची?"

"तुमचीच कृपा, महाराज," आळीतली म्हातारी ठकूबाई म्हणाली. "वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या जावा आता एकमेकींच्या स्वयंपाकघरातून ये-जा करतात. कीर्तनकारांना जमलं नाही ते तुमच्या पट्टीनं केलं."

"असं? मग उद्यापासून चुलीवर पट्टी."

"लावा की. अख्खी आळी एकाच चुलीवर रांधेल आणि रोज एका पंगतीला बसेल. इतकी माणसं रोज एकत्र जेवायला लागली, की बोलायला विषय एकच निघणार."

"कोणता?"

"तुम्ही."

राजा आल्या पावली परत फिरला. दिवस मावळायच्या आत पट्टी माफ झाल्याची दवंडी फिरली. लोकांनी आपापली दारं पुन्हा उघडली. आतल्या वाटा मात्र कुणीच बुजवल्या नाहीत.