जांभळ्या वालाचे नऊ दाणे

एका गावात रावजी नावाचा एक भोळा गडी होता. किती भोळा? बायको सगुणा म्हणाली, "जरा दुधाकडे बघा," की हा चुलीपुढे बसून बघायचा. दूध वर यायचं, उतू जायचं, चूल विझायची. रावजी बघतोच आहे. वर म्हणायचा, "बघत होतो की!" खोटं मात्र कधी बोलायचा नाही.

ओढ्यापलीकडच्या गावात त्याची बयोआत्या राहायची. तिच्या परसात वालाचा एक वेल होता. साधासुधा नव्हे. फुलं जांभळी, शेंगांना कडेने जांभळी रेघ, आणि चढायला लागला की थेट छपरावर. हे बियाणं आत्याच्या आईने तिला लग्नात पदराला बांधून दिलं होतं. पन्नास वर्षं आत्याने ते दर साली लावलं, दर साली राखलं. आसपास दुसऱ्या कुणाकडे ते उरलं नव्हतं. आता आत्याचे गुडघे धरले. मांडव घालणं होईना.

तिने रावजीला बोलावलं. "रावज्या, हे शेवटचे नऊ दाणे. नीट जप. रुजेपर्यंत हातचं सोडू नकोस."

रावजीने मूठ मिटली. मूठ मिटूनच ओढा ओलांडला. घरी डाव्या हाताने जेवला. आंघोळीला बसला तेव्हा मुठीवरही दोन तांबे ओतून घेतले. झोपला तो मूठ उशाशी ठेवून.

"अहो, हातात काय आहे?" सगुणाने विचारलं.

"बियाणं."

"मग ठेवा की खाली."

"रुजल्याशिवाय सोडायचं नाही. आत्याचा शब्द आहे."

चौथ्या दिवशी मुठीत गुदगुल्या झाल्या. रावजी खुदुखुदु हसायला लागला. मूठ उघडली, तर नऊच्या नऊ दाण्यांना मोड.

सगुणाने कपाळाला हात लावला. "अहो, मातीत पुरायचं असतं ते! आत्याकडून काही आलं की पुरायचं, वर पाणी घालायचं. कळलं?"

"कळलं," रावजी म्हणाला. त्याने परसात कुंपणाशी नऊ दाणे पुरले, पाणी घातलं. आठ दिवसांत रोपं वर आली. सगुणा खूश झाली.

मग पोळ्याचा सण आला. आत्याने रावजीच्या हाती फडक्यात बांधलेली चळत दिली.

"यात काय आहे, आत्या?"

"पुरणपोळ्या."

"म्हणजे पुरायच्याच ना?"

आत्याला जरा कमी ऐकू यायचं. ती म्हणाली, "पुरतील बाबा, पुरतील! दोघांना पुरून उरतील."

रावजीने अकरा पोळ्या एका ओळीत पुरल्या. दोन पोळ्यांमध्ये वीतभर अंतर सोडलं. वर पाणी घातलं. सगुणा तूप कढवून वाट बघत होती. ती परसात आली तेव्हा गल्लीतलं कुत्रं तिसरी पोळी उकरत होतं.

"अहो, खायच्या होत्या त्या!" सगुणा रडकुंडीला आली. "खायचं काही आलं ना, तर टोपलीत घालायचं, झाकण ठेवायचं आणि शिंक्यावर टांगायचं. काय करायचं?"

"टांगायचं."

पुढच्या खेपेला आत्याने कोंबडी दिली. "रोपांवरचे किडे टिपेल. आणि पाहुणे आलेच, तर तिचा रस्साही होईल."

रस्सा म्हणजे खायचंच. रावजीने कोंबडी टोपलीत घातली, झाकण ठेवलं आणि शिंक्यावर टांगली. सगुणा खाली भाकऱ्या थापत होती. तिला वाटलं, आढ्यावर कुणी खोकतंय. ती उठली, झाकण उचललं, आणि कोंबडी पंख फडफडवत पिठाच्या परातीत पडली. मग ती घरभर फिरली. मागे पांढरी पावलं.

"जिवंत जिवाला असं कोंडतात का हो?" सगुणा ओरडली. केसांत पीठ होतं. "त्याला मोकळं सोडायचं! जाईल तिकडे जाऊ द्यायचं. अडवायचं नाही!"

"अडवायचं नाही," रावजी म्हणाला.

पुढे भावजयीच्या बाळंतपणासाठी सगुणाला माहेरी जावं लागलं. जाताना तिने बजावलं, "मांडव घालून ठेवा. वेल आता उंच होईल."

रावजीने मांडव घातला. चांगला भक्कम. मग तो वेलासमोर बसला आणि विचारात पडला. काल एवढा होता, आज एवढा आहे. म्हणजे हा जिवंत आहे. जिवंताला अडवायचं नाही. त्याने वेलाला ना दोरी बांधली, ना काठी दाखवली.

वेल कुंपणावर गेला. कुंपणावरून शेजारच्या केरूअण्णाच्या अंगणात उतरला. त्याच्या सायकलीला वेढे घातले, वाळत घातलेल्या धोतराच्या दोरीवर चढला आणि तिथून अण्णाच्या छपरावर.

"रावजी," केरूअण्णा म्हणाला, "माझी सायकल निघेना रे."

"त्याला अडवायचं नाही, अण्णा. सगुणा रागावते."

अण्णा महिनाभर बाजाराला पायी गेला. पण छपरावर शेंगा लागल्या, अण्णाच्या घरी रोज कोवळ्या शेंगांची भाजी व्हायला लागली, आणि अण्णा सायकलीचं नाव काढेनासा झाला.

सगुणा परत आली. आपला मांडव उघडाबोडका, आणि अण्णाचं छप्पर जांभळं. ती आधी चिडली, मग हसली, मग पुन्हा चिडली. शेवटी म्हणाली, "राहू दे. उरलेल्या शेंगा कुणी तोडू नका. बियाण्याला वाळू द्या."

माघात शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या, तेव्हा बयोआत्या बैलगाडीतून आली. केरूअण्णाने शिडी लावून शेंगा उतरवल्या. सगळ्यांनी ओट्यावर बसून सोलल्या. चांगले दोन शेर दाणे निघाले. आत्याने एक दाणा तळहातावर घेतला. तिचे डोळे भरून आले.

"माझ्या आईच्या हातचं बियाणं ग, सगुणे. मला वाटलं होतं, माझ्याबरोबरच जाणार."

तिने मूठभर दाणे पदराला बांधले. बाकीचे रावजीपुढे ढकलले. "हे मडकं घे. दाण्यांना राख चोळ, यात भर, तोंड बंद कर, आणि मग मृगापर्यंत हात लावू नकोस. जमेल ना?"

"जमेल."

दोघी चहाला आत गेल्या. अण्णा घरी गेला. रावजीने मन लावून राख चोळली. एकेक दाणा चोळला. मडकं भरलं. मग आपलं तोंड घट्ट बंद केलं, दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि मडक्यासमोर बसून राहिला.

तेवढ्यात केरूअण्णाची शेळी आली. तिने मडकं हुंगलं. रावजीकडे पाहिलं. रावजीने तिच्याकडे पाहिलं. शेळीने मडक्यात तोंड घातलं.

कुरुम कुरुम आवाज यायला लागला. रावजीचे गाल फुगले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, कपाळाला घाम फुटला. पण तोंड उघडलं नाही, आणि हात लावला नाही.

दोघी बाहेर आल्या तेव्हा मडकं चाटूनपुसून लख्ख होतं. शेळीच्या दाढीला राख लागली होती.

"अरे, हाकललं का नाहीस?" आत्या किंचाळली.

रावजीने मिटलेल्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"बोल ना मेल्या!"

"तुम्हीच म्हणालात, आत्या," रावजी हुंदके देत म्हणाला, "तोंड बंद कर, हात लावू नकोस. फार अवघड गेलं हो मला."

सगुणा मटकन खाली बसली. आत्याने पदराची गाठ सोडली आणि मूठभर दाणे सगुणाच्या ओंजळीत घातले.

"हे तू लाव. तूच पुर, तूच राख. याच्या वाऱ्यालाही ठेवू नकोस."

"आणि मडक्यातले?" रावजीने विचारलं.

"त्यांच्यावर आता पाणी सोड!" आत्या वैतागून म्हणाली.

रावजीने डोळे पुसले. एवढंच ना? दाणे कुठे आहेत ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी केरूअण्णा शेळी शोधत परसात आला, आणि जागीच थांबला. शेळी मधोमध बांधलेली. पायांशी गुडघाभर शेणखत. अंगावरून पाणी निथळतंय, थंडीने कुडकुडतेय. आणि रावजी तिच्या पाठीवर तिसरी घागर ओततोय.

"अरे, मारतोस का काय माझ्या शेळीला?"

"हळू बोला, अण्णा," रावजी म्हणाला. "दोन शेर बी आहे आत. कोंब वर आले की शेळी तुमची, वाल आमचा."