व्यापारी संकुलाच्या पायरीवरचे खडे

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. वार मंगळवार, पोळ्याच्या आधीचा बाजार. तेव्हाच या सगळ्याला सुरुवात झाली, असं आमच्या हिवरतळ्यात सांगतात. वेळ एवढी नेमकी कशी ठाऊक, असं विचाराल, तर अकरा दहाची एसटी तेव्हाच स्टँडात शिरली होती आणि मोजणीवाले साहेब त्याच गाडीतून उतरले होते.

तुम्हीही एसटीनंच आलात तर उतरल्या उतरल्या समोर तीन मजली पिवळी इमारत दिसेल. तिच्या पहिल्या पायरीवर खड्यांच्या ओळी मांडलेल्या आहेत. नवखी माणसं तिथे चपला काढतात, हात जोडतात. मागच्या वर्षी लग्नाला आलेल्या एका पाहुणीनं तर नारळ फोडला. मी धावत जाऊन सांगितलं, "मावशी, देव नाही हो इथे. व्यापारी संकुल आहे."

तीनशे बारा गाळे आहेत त्यात. उघडे किती, तर दोन. एक झेरॉक्सवाला, एक पंक्चरवाला. बाकी सगळी शटरं गंजून जागच्या जागी बसलेली. सरकता जिना आणला होता, त्याच्यावरचं प्लास्टिक अजून कोणी काढलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावर बकऱ्या असतात. तळघरात आषाढापासून दिवाळीपर्यंत पाणी. त्या पाण्यातले डास आमच्या आळीत येतात आणि माझ्या रेवाला दर वर्षी ताप चढतो. साडेचार वर्षांची आहे ती. पण आधी खड्यांचं सांगते.

मी इथे लग्न होऊन आले तेव्हा इमारत उभी होतीच. ऐकलं ते शेजारच्या निर्मलावहिनींकडून. त्या पार्बताबाईंची सून. आणि ही सगळी गोष्ट पार्बताबाईंचीच. जातीनं कासार, बांगड्यांची टोपली घेऊन चाळीस वर्षं बाजारात बसायच्या.

तेव्हा या इमारतीच्या जागी बाजाराचं मैदान होतं. मोठ्या चार कडुनिंबांखाली दर मंगळवारी बाजार भरायचा. एरवीचा बाजार म्हणजे भाजीवाल्या, दोन-चार कापडवाले, मिरच्या, बांगड्या, झालं. पण पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी चाळीस गावं लोटायची. बैलांच्या घुंगरमाळा, झुली, शिंगांना लावायचं बेगड आणि हिंगूळ, नवे कासरे. उभं राहायला जागा नसायची. वर्षातून एकदा. हे आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक आहे.

नेमके त्याच दिवशी साहेब आले. गावाला किती मोठा बाजार बांधायचा ते ठरवायला माणसं मोजायची होती. मारुतीच्या ओट्यावर उभे राहिले, हातात टकटक वाजणारं छोटं यंत्र. एका माणसाला एक टक. ओट्याखालीच पार्बताबाईंची टोपली होती.

"साहेब, काय मोजता?"

"माणसं, मावशी."

"आज नका मोजू. आज पोळ्याचा बाजार हाय. लग्नाची पंगत पाहून रोजचा सयपाक ठरवता का?"

साहेब हसले, म्हणे. "मला आजचाच दौरा मंजूर आहे."

"मग पुढच्या मंगळवारी या. मी चहा पाजते."

"पुढच्या मंगळवारी मी दुसऱ्या तालुक्यात."

आणि पुन्हा टकटक सुरू. संध्याकाळपर्यंत नऊ हजारांच्या वर माणसं झाली. साहेबांनी कागदावर लिहिलं की हिवरतळ्यात दर मंगळवारी नऊ हजार माणूस येतं, वर्षाचे मंगळवार बावन्न. निघून गेले.

आता साहेब बाहेरचे. त्यांना पोळा कळला नाही, समजू शकते. पण आमच्या गावाला काय झालं होतं? नगराध्यक्ष तेव्हा दामोदरभाऊ टेकाडे. त्यांनी तो आकडा सभेत वाचला आणि म्हणाले, "पाहा, आपलं गाव केवढं झालं!" अख्ख्या सभेत एकानंही म्हटलं नाही की भाऊ, तो दिवस पोळ्याचा होता. सगळ्यांच्या छात्या फुगल्या. त्यात गाळ्यांचे फॉर्म निघाले. ज्याचं दुकान होतं त्यानं भरला, ज्याचं नव्हतं त्यानंही भरला. शेजाऱ्यानं तीन भरले म्हणून याने पाच. माझ्या सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याच्या नावानं भरला, तो तेव्हा बारावीत होता. आमचा गाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. त्यात काय विकायचं ते सासऱ्यांना अजून सुचलेलं नाही.

तर असे फॉर्मांचे गठ्ठे पाहून वरच्या लोकांनी दोन मजल्यांचे तीन केले. चारही कडुनिंब तोडले. बाजारवाल्या बायकांना सांगितलं, एवढं बांधकाम होईपर्यंत तुम्ही रस्त्याच्या कडेला बसा.

इमारत झाली, फीत कापली, पेढे वाटले. चिठ्ठ्या टाकून गाळे दिले त्यात पार्बताबाईंना दुसऱ्या मजल्यावरचा मिळाला. त्या बघायला गेल्या आणि जिन्याच्या अर्ध्यात बसल्या. गुडघे धरून म्हणाल्या, "माय, बांगड्या भरायला बाई इथवर येईल, तर तिचे हात खाली आन् जीव वर." खाली उतरल्या आणि त्यांनी तिथेच नेम केला, असं सांगतात: साध्या मंगळवारची माणसं कोणीतरी मोजेपर्यंत या छपराखाली पाऊल टाकणार नाही.

कोणी मोजेना. शेवटी त्यांनीच मोजली. पोळा झाल्यानंतरच्या मंगळवारी, जेव्हा लोकांच्या हातात काही नसतं आणि बाजार सगळ्यात पातळ असतो, त्या सकाळपासून पहिल्या पायरीशी टोपली घेऊन बसल्या. लिहिता येत नव्हतं. जो माणूस जिना चढेल त्याच्या नावानं एक खडा पायरीवर. दिवस मावळला तेव्हा एकोणीस खडे झाले. त्यातले अकरा जण सावलीला गेले होते आणि एक बकरी शोधायला. बकऱ्यांचे खडे पार्बताबाईंनी मांडले नाहीत, नाहीतर आकडा बरा दिसला असता.

ते एकोणीस खडे पदरात बांधून त्या नगरपरिषदेच्या सभेत गेल्या आणि टेबलावर ओतले. त्या क्षणी सभागृहातले पंखे थांबले, म्हणे. लोक याला चमत्कार मानतात. मला विचाराल तर लाइट गेली असेल, आमच्याकडे जातेच.

दामोदरभाऊ म्हणाले, "पार्बताबाई, लोकायले सवय लागाले टाइम लागते."

"भाऊ, सवय मनाले लागते, गुडघ्याले नाही. मेथीची जुडी घ्यायला कोण जिना चढते, तुमची मालकीण चढते का?"

सभा हसली. दामोदरभाऊही हसले. खडे शिपायानं गोळा करून खिडकीतून टाकले आणि पुढचा विषय घेतला. पार्बताबाई बाहेर आल्या, एकेक खडा वेचला, परत पायरीवर मांडला. जाताना म्हणाल्या, "दर साली मांडीन. कधीतरी कोणाले ठेच लागंल."

सात वर्षं त्यांनी मांडले, दर साली एक नवी ओळ. बसल्या जागी, हातात खडा घेऊनच गेल्या असं सांगतात. निर्मलावहिनी म्हणतात, "काही नाही, दवाखान्यात गेल्या, बीपीनं." पण त्या वर्षीपासून पोळ्यानंतरच्या मंगळवारी बाजारातल्या सगळ्या बायका पाळीपाळीनं पायरीशी बसतात. आजही झाडूवाली त्या ओळींच्या बाजूनं झाडते, खड्याला धक्का लावत नाही. गावात सोयरीक बघायलासुद्धा आता कोणी सणावाराला जात नाही. पोरीचं घर बघायचं तर साध्या दिवशी, न सांगता. एवढं शहाणपण आलं. मागच्या वर्षी सहा खडे झाले. त्यातला एक माझा नवरा, गाळ्यात ओल आली का बघायला गेला होता.

शहाणपण आलं म्हटलं, पण ते घराघरात आलं. नगरपरिषदेत नाही.

बाजार अजून रस्त्याच्या कडेलाच भरतो. एका अंगाला ट्रक, एका अंगाला कोथिंबीर. मंगळवारी रेवाला बालवाडीत सोडताना मी तिचं मनगट एवढं घट्ट धरते की संध्याकाळी वळ दिसतो. बालवाडी मराठी शाळेच्या आवारात आहे. तिथलं पटांगण एवढी एकच मोकळी जागा आता गावात उरली, जिथे लेकराचा हात सोडता येतो. आणि आता त्या पटांगणावर संकुलाचा दुसरा टप्पा येणार आहे.

मी दोनदा विचारून खात्री केली. पहिलं रिकामं असताना दुसरं कशाला? तर म्हणे, पहिल्यात खाण्यापिण्याची सोय नाही म्हणून ते चालत नाही. दुसऱ्यात ती होईल, मग दोन्ही चालतील. याच्यावर काय बोलायचं सांगा. रेवाला कडेवर घेऊन मी नगरपरिषदेत गेले. खिडकीवरचे दादा चांगले आहेत बोलायला.

"ताई, अजून काही ठरलेलं नाही. आधी माणसं मोजणार, मगच मंजुरी."

"कधी मोजणार?"

त्यांनी कागद पाहिला. तारीख सांगितली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. यंदा पोळा बुधवारी आहे आणि ती तारीख मंगळवार, आदल्या दिवसाची.

"दादा, त्या दिवशी पोळ्याचा बाजार!"

"मग बरंच की. गर्दी असंल."

रेवाला खाली ठेवून मी कागद मागितला. अर्ज दिला, सह्या गोळा केल्या, दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले. साहेबांचा दौरा त्याच दिवसाचा मंजूर आहे, बदलत नाही, एवढंच उत्तर. खरं तोंडावर सांगून झालं. पार्बताबाईंनी सांगितलं तेव्हाही खरंच सांगितलं होतं.

परवा बाजारातली माणसं निर्मलावहिनींच्या अंगणात जमली. बेगडवाली, घुंगरमाळावाले, कासरेवाले, सगळे. वर्षाचा सगळ्यात मोठा धंदा त्यांचा त्या एका दिवसावर. निर्मलावहिनी म्हणाल्या, "साहेबांचा दिवस हलत नाही ना? मग आपण बाजार हलवू."

बेगडवाली म्हणाली, "आन् गावांना कळलं नाही तर? ते मंगळवारीच येतील. आमचा माल पडून राहील, अन् साहेबांना गर्दीही दिसंल. दोन्हीकडून मेलो."

मग तिनंच विचारलं, "सांगायला किती दिवस हायेत?"

नऊ दिवस होते. आता सात आहेत.

म्हणून तुम्ही जे कोणी हे वाचता, ज्यांचं माहेर, सासर, मामाचं गाव आमच्या चाळीस गावांत आहे, त्यांनी एवढं करा. फोन करा, दुधाच्या गाडीबरोबर निरोप द्या, कीर्तनाला गेलात तर तिथे सांगा. यंदा हिवरतळ्याचा पोळ्याचा बाजार मंगळवारी नाही. सोमवारी आहे, उजाडल्यापासून. झुली, माळा, हिंगूळ, सगळं सोमवारी मिळेल, आणि बांगड्याही. मंगळवारी कोणी इकडे फिरकू नका. तसाही तो खांदेमळणीचा दिवस. घरी थांबा, बैलांचे खांदे लोण्याहळदीनं नीट मळा, आणि शेजारच्या गोठ्यात जाऊन त्यांनाही हेच सांगा.