गालिच्यात बुडालेला राजकुमार

एका राज्यात चंडसेन नावाचा राजा होता. तिथल्या लोकांना जोराचा भारी अभिमान. भांडे असो वा भिंत, अंगातले बळ लावून घासायचे, ही तिथली रीत. हलक्या हाताच्या माणसाला तिथे आळशी म्हणत.

एकदा मेजवानीत धूम्राक्ष जादूगाराला मानाचे पान मिळाले नाही. झाले! त्याने डाळिंबाच्या सरबताचा पेला दरबारच्या पांढऱ्या गालिच्यावर उपडा केला. लाल डाग पडला आणि जवळच उभा असलेला राजकुमार शूरध्वज त्यात बुडून नाहीसा झाला.

"डाग काठाला भिडला, की मुलगा कायमचा माझा," जादूगार म्हणाला.

मग काय विचारता! प्रधान धावला, सेनापती धावला, राजाने मुगुट काढून स्वतः काथ्या हाती घेतला. घास घास घासले. डाग जाईना, उलट पसरत चालला.

राजकन्या ललितांगीचा जीव भावासाठी तुटत होता. तेव्हा झरोक्यातली साळुंकी मनुष्यवाणीने बोलली. बर्फाळ तळ्याचे पाणी आण, राक्षसाच्या बागेतले रिठे आण, तिसरी गोष्ट आल्यावर सांगेन.

ललितांगी वाऱ्याच्या घोड्यावरून निघाली. तळ्यात मगर आडवी आली. तिच्या दातात अडकलेले हाड हिने काढले, तेव्हा मगरीने आपण होऊन घागर भरून दिली. रिठे तोडताना राक्षस जागा झाला आणि मागे लागला. हिने वाटेवर मूठभर रिठे चिरडून पाणी शिंपडले, असा फेस झाला की राक्षस घसरून थेट दरीत!

परतली तो डाग काठापासून बोटभर दूर.

"तिसरी गोष्ट अवघड आहे," साळुंकी म्हणाली. "घासायचे नाही."

ललितांगीने गार पाण्यात रिठे कालवले, फडके भिजवून डागावर नुसते दाबले आणि उचलले. काठाकडून मधे, दाबले आणि उचलले. रंग फडक्यात चढू लागला! मधोमध एक बोट दिसले. ते पाहून राजाला राहवेना, त्याने पुन्हा काथ्या उचलला.

तिने त्याचा हात धरला. "महाराज, जोर पुरे झाला. आता धीर धरा."

राजा गुडघ्यांवर बसला आणि हलक्या हाताने फडके दाबू लागला. शेवटचा थेंब निघाला आणि शूरध्वज वर आला. जादूगाराची सारी विद्या फडक्यात उतरली होती. फडके जाळले, विद्या जळाली.

"ताई," राजकुमार म्हणाला, "बाबा घासत होते, तेव्हा मी आणखी खोल जात होतो."

राजाने त्याला पोटाशी धरले, पण अगदी हळूच. शूरध्वज जसा आपल्या माणसांना परत मिळाला, तसे तुमचे हरवलेले माणूस तुम्हाला मिळो.