खांबाजवळची वीतभर जागा

“मग माझं नाव राहणार कुठं, वस्ताद?”

गोरखनं विचारलं. दस्तगीर वस्ताद चपला बाहेर काढून बंद दारापाशी उभे राहिले.

गावच्या वाचनालयाचा हा नवा हॉल. आतली काँक्रीटची फरशी गोरखनं एकट्यानं घासून चमकवलेली. तीन वर्षं वस्तादांच्या हाताखाली काढली होती. त्यांच्या तोंडून एकदा ‘मिस्त्री’ ऐकायचं, एवढाच त्याचा ध्यास. आज गंगेत घोडं न्हायचं होतं.

पण वस्तादांची रीत मोठी अजब. कोऱ्या फरशीवर सुतारी पेन्सिलीनं आपलंच नाव भलं मोठं लिहायचं आणि त्यावरून खरबरीत चकती लावलेलं घासायचं मशीन फिरवायचं. नाव पुरतं गेलं, की त्याहून बारीक चकती. पुन्हा नाव, पुन्हा घासणं. असं सात वेळा.

आता घाम गाळायचा आपण आणि पुसायचं तेही आपलंच नाव, हा कुठला न्याय? गोरखच्या मनात ते सलत होतं. म्हणून खांबाजवळची वीतभर जागा तो पहिल्या चकतीपासूनच वळसा घालून टाळत आला होता. तिथं बारीक अक्षरात ‘गोरख’ होतं. कोण बघतंय?

वस्तादांनी दोन्ही दारं उघडली.

बाहेरचं आभाळ सरळ फरशीत उतरलं. अंगणातला निंब उलटा उभा राहिला, पानापानासकट. गोरखच्या अंगावर काटा आला. पाऊल टाकलं तर आपण बुडू, असं त्याला खरोखर वाटलं.

“हे... मी केलं?”

“बस खाली. बघ नुसतं.”

दोघं उकिडवे बसले. फरशीतल्या आभाळात एक घार आली. पंख न हलवता ती सरकत राहिली, दारापासून खांबाकडे. गोरख श्वास घ्यायचाही विसरला.

खांबाजवळ घार नाहीशी झाली.

मग थोडं पुढं पुन्हा निघाली आणि गेली.

वस्तादांनी फक्त मान वळवली. “मधे कुठं गेली होती रे?”

गोरखनं खांबाकडे पाहिलं. त्या जागी आभाळ नव्हतं, निंब नव्हता. नुसतं राखाडी काँक्रीट, आणि त्यावर त्याचं नाव. त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.



तो उठला. पेटीतून सगळ्यात खरबरीत चकती काढली.

“तेवढंच घासलं तर ठिगळ दिसेल, वस्ताद. सगळी फरशी पहिल्यापासून धरतो.”

वस्तादही उठले. तीन वर्षं कुणाला हात लावू न दिलेलं स्वतःचं मशीन त्यांनी ढकलत आणलं आणि मूठ त्याच्याकडे केली.

“धरा, मिस्त्री.”