पाणपोईवाला आणि राघूंच्या हाका

खूप जुनी गोष्ट. तेव्हा पशुपक्षी माणसांशी बोलत, आणि माणसं तेव्हाही त्यांचं फारसं मनावर घेत नसत.

एका उजाड माळावर एक पाणपोई होती. आसपास दिवसभर चाललं तरी दुसरं पाणी नव्हतं. विहीर आत, वाट बाहेर आणि मध्ये उंच भिंत. पलीकडून "पाणी!" अशी हाक आली, की पाणपोईवाल्याने पोहरा सोडायचा, ताजं पाणी शेंदायचं आणि भिंतीतल्या पन्हळीतून बाहेर ओतायचं. कोण, कुठला, काही विचारायचं नाही. तहानलेल्याला प्रश्न विचारू नयेत, अशी तिथली रीत. रीत चांगलीच होती.

पाणपोईवाला मनाने भला, पण फार थकलेला. त्याच्याकडे एक कावळा येई आणि दर वेळी काहीतरी काम काढी. "बाबा, दोर विरलाय." त्याने दोर बदलला. "बाबा, रहाटाचा कणा तडकलाय." तोही नवा बसवला. एक काम उरकलं की दुसरं हजर. पुढे पुढे कावळ्याची सावली दिसली तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या.

एकदा कावळा म्हणाला, "बाबा, खिंडीपलीकडच्या पाणपोईवर राघूंचा थवा आलाय. नुसती गंमत म्हणून हाका मारतात. तिथला माणूस शेंदून शेंदून आडवा झाला. तुम्ही भिंतीला एक खिडकी पाडा. आधी माणूस बघा, मग पोहरा सोडा."

"म्हणजे पाणपोई बंद ठेवू?"

"अर्धा दिवस फक्त."

"तेवढ्यात कुणी तहानलेला आला म्हणजे? आणि राघू इकडेच येतील कशावरून? जरा दम खाऊ दे रे मला. बघू पुढे."

कावळा उडून गेला. पाणपोईवाल्याला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. कामाने पिचलेला माणूस असंच बोलतो.

आणि राघू आलेच. "पाणी!" म्हणून ओरडत, पोहरा अर्ध्यावर आला की "नको, नको!" लगेच दुसरीकडून "पाणी!" खरी हाक कुठली नि खोटी कुठली, भिंतीआडून कळेना. एखादा खरा तहानलेला तसाच जाऊ नये म्हणून बिचारा शेंदत राहिला. दुपार कलली तेव्हा तळहात सोलवटले होते. तो रहाटाशी मटकन बसला.

"पाणी द्या हो, बाबा," पलीकडून आवाज आला.

"लेको, पुरे करा आता!" तो ओरडला आणि त्याने कान झाकून घेतले.

सांजावताना राघू उडाले. तो बाहेर गेला. पन्हळीखाली एक कासारीण पडली होती, शेजारी बांगड्यांची टोपली. त्याने धावत पाणी आणलं, तिच्या ओठांना लावलं. ते हनुवटीवरून ओघळून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पहार उचलली. भिंत मातीची होती. न्याहारीच्या आत खिडकी पाडून झाली. राघू पुन्हा आले, हाका मारमारून पाहिल्या, पोहरा हलेना तसे कंटाळून निघून गेले. काम एवढंसंच होतं, हे पाहून पाणपोईवाला त्या खिडकीत डोकं टेकून रडला.

तात्पर्य: वेळेवर सुचवलेली डागडुजी जिवावर येते म्हणून टाळली, तर तिची किंमत भलत्याच निरपराधाला मोजावी लागते.